शॉटसाठी आणलेले मासे

मंडळी, घरी न जाता सरळ सायबर कॅफेत आलेय.

खाडीतलं बेट आणि तिथली मासळी वाचवा, अशी डॉक्युमेंटरी बनतेय. आज त्यात आमच्या बाबांचं शूटिंग होतं. त्यांनी बेटाजवळ जाळं टाकलं, तर वर नुसता चिखल आणि पिशव्या! डायरेक्टरने बाजारातून मासे आणवून जाळ्यात भरले.

बाबांनी जाळं पुन्हा ओढलं. पहिला मासा खाडीला परत द्यायचा, ही आमच्या घरची रीत. सवयीने त्यांनी तो कपाळाला लावून सोडला. मासा आडवा वाहत गेला.

"पोरी, मेलेला दिला गो खाडीला," बाबा होडीत शेजारी बसलेल्या मला म्हणाले.

"एकदम नॅचरल, काका! अजून एकदा करा ना," डायरेक्टरचा आवाज आला.

"करू का गो परत?" बाबांनी मला विचारलं. तुम्ही काय सांगितलं असतं?