माझं दहावं

माझं दहावं मी जिवंत असतानाच उरकलं गेलं, आणि तेही मला न बोलावता. आम्ही नवराबायकोने बाप्तिस्मा घेतल्याचं माझ्या माहेरी, देडतलाईला कळलं, तसा माझ्या थोरल्या भावाने माझ्या नावाने आंघोळ केली आणि तापीच्या घाटावर पिंड ठेवला. सासरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून हा मान माहेराकडे गेला. ज्याच्या खांद्यावर बसून मी केळीच्या बागा पाहिल्या, त्यानेच मला तिळपाणी दिलं. कुणी नुसतं ‘जेवलीस का’ विचारलं तरी मला रडू फुटायचं.

संस्थानं भारतात सामील होत होती, ते दिवस. चौकात कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, आज अमकं संस्थान आलं, आता तमकं येणार. मी मनाशी म्हणायची, राजेरजवाडे एक झाले, पण माझ्या माहेराला काही मी नको. कुठली राणी लागून गेले होते मी, कोण जाणे.

आम्ही शहरात, सिंधीपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. हे शाळेत मास्तर. एका बाजारच्या दिवशी दार उघडलं तर समोर दादा, हातात केळ्यांची फणी. ‘बरी हायेस नं वं?’ एवढं विचारलं, ओट्यावर बसून विडी ओढली आणि गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मेलेल्या बहिणीला केळी कोण आणून देतं? मी ताडलं, भारलेली आहेत. सगळी फणी शेजारच्या विणकरांच्या बकरीपुढे टाकली आणि जात्याआडून तिच्यावर नजर ठेवून बसले. बकरीने सालींसकट खाल्ली आणि आणखी मागायला आली. तरी माझी शंका फिटेना. वाटलं, मुसलमानाची बकरी, तिच्यावर आपल्याकडचा मंत्र चालत नसेल. गंडेदोरे तापीत सोडून आलेली नवी ख्रिस्ती बाई ना मी!

मग वाटलं, याचा डोळा माझ्या पोरावर आहे, त्याला गावी उचलून न्यायचा. दादा आला की मी पोराला आतल्या खोलीत ढकलायची आणि कान ओट्याकडे लावायची. दादा यांच्याशी कपाशीचं बोलायचा. मला तेही संशयास्पद वाटे. इतकं कपाशीचं कुणी उगीच बोलतं का?

इकडे चर्चच्या मंडळीत माझी वेगळीच पंचाईत. प्रभूची प्रार्थना म्हणताना, आपल्या अपराध्यांना आपण क्षमा केली असं म्हणायची जागा आली की मला नेमका खोकला यायचा. प्रभुभोजनाचा प्याला माझ्यापाशी आला की मी तसाच पुढच्या बाईकडे द्यायची. खोटं बोलून प्यायची भीती, आणि खरं करायची इच्छा नाही. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोने, एकदा उपासनेनंतर मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, “आधी त्याच्या पोटात काय आहे ते कळू दे बाई, मग करते क्षमा.”

त्या म्हणाल्या, “प्रभूने वधस्तंभावरून आधी चौकशी केली होती का?”

 मला राग आला, आणि तो दादा पुन्हा येईपर्यंत टिकला.

तो आला तेव्हा मी दारातच विचारलं, तू कशाला येतोस? हेतू काय तुझा? तो विडी पेटवायचा थांबला. म्हणाला, दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेचना. मेलेल्याचं काही मागे राहिलं असलं की कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरच्यांनी एकेक वचन द्यायचं असतं. पोराचं बघीन म्हणून झालं, जावयाचं बघीन म्हणून झालं. उन्हं चढली. भटजी दर्भाचा कावळा करू म्हणायला लागले.

“जितीजागती पोर. कावळ्याले समजत नाही का?” दादा खाली बघत म्हणाला. “शेवटी म्या म्हनलं, तिच्या दारी जात जाईन. तवा शिवला.”

म्हणजे हा माझ्यासाठी नाही, कावळ्याच्या धाकाने येत होता. मला असा संताप आला की दार लावून घ्यावं. पण दाराला हात लावला आणि लक्षात आलं, चौकशी पुरी झाली. आता माझ्याकडे सबब नव्हती.

“दादा,” मी म्हटलं, “तू माझं दहावं केलंस, ते मला फार लागलं. मी तुला क्षमा केली.”

“मले?” तो भडकला. “म्या काय केलं वं? गावात राहाचं व्हतं मले.”

घ्या! न मागता दिलं ते याला नकोच होतं. क्षणभर वाटलं, परत घ्यावं. प्रभूच्या वधस्तंभाशी उभे असलेलेही क्षमा मागत नव्हते, हे आठवलं आणि परत घेतलं नाही. दात मात्र आवळलेले होते. पुढे कित्येक महिने ही क्षमा मला पुन्हा पुन्हा करावी लागली, कधीकधी एका दिवसात दोनदा.

दादा उठला. मीही चपला घालून त्याच्या मागे निघाले, गावाकडच्या गाड्या सुटतात त्या शनवाऱ्यापर्यंत. तिथे गाडीत चढता चढता तो म्हणाला, माय त्या दिवशी तुझ्या नावाच्या आंघोळीला उठलीच नाही. गावाने किती म्हटलं, तरी डोक्यावरून पाणी घेतलं नाही तिने.

खरं सांगत होता की मला निववायला, कोण जाणे. मी त्याला म्हटलं, पुढच्या खेपेला तिला घेऊन ये.