दादाच्या घरचं पाणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. त्या दुष्काळात दादानं सख्ख्या भावाला, म्हणजे मला, पाणी नाकारलं, असं आमच्या चर्चच्या मंडळीत आजही बोलतात. ते खोटं आहे, आणि ते मीच पसरवलं.

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडं. मी जिल्ह्यासाठी मिरवणुकीत नाचलो, पेढे वाटले. दादा पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "आले बघा कलेक्टरसाहेब! साहेब, जिल्हा तर झाला, आता हापशाला पानी येतंय का न्हाई?" लोक खो खो हसले. मी त्याला नको ते बोललो. तिथून आमचं बोलणं बंद.

आमच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावतात. दुसरी शांतीची. आमच्या गावची रीत अशी, की ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं त्या रविवारच्या आत त्याच्या घरी जाऊन पाणी पिऊन यायचं. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीला शिवू न देता वरून पाणी ओतायचे, तेही कुणाला दया आली तर. त्यामुळं घरचं पाणी ही आमच्यात साधी गोष्ट नव्हती. त्या वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी ती मेणबत्ती लावायचं मला सांगितलं. म्हणाले, "आधी दादाकडं जाऊन ये."

शनिवारी गेलो. दादा ओट्यावर बसला होता. शेजारी झाकलेला तांब्या. टँकर दोन दोन दिवस येत नव्हता, तरी तांब्या भरलेला असणार हे मला कळत होतं. पण त्याच्यासोबत गल्लीतले दोघं-तिघं होते आणि त्यातलं कुणीतरी हसलं. माझ्यावर नसेलही. मी कोपऱ्यावरूनच मागं फिरलो.

"जाऊन आलास?" पाळकसाहेबांनी संध्याकाळी चर्चमध्ये, झाडलोट करणाऱ्या बायकांसमोर विचारलं.

"गेलतो. पानी बी इचारलं न्हाई त्यानं."

तोंडातून निघून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नाही. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, "खरंच?" आणि मी पुन्हा "हाव" म्हणालो.

रविवारी मी मेणबत्ती लावली. दादा मागच्या बाकावर होता. उपासना सुटेपर्यंत बायकांमध्ये कुजबुज पसरली होती. वहिनीला तर एकीनं तोंडावरच विचारलं, "आपल्यात असं करत असतेत का गं?" वहिनी रडायला लागली. दादानं कुणालाच काही सांगितलं नाही. फाटकापाशी मला फक्त म्हणाला, "दुपारपत्तुर बसून होतो रे मी."

उन्हाळ्याच्या आत तो नांदेडला निघून गेला. लोक म्हणाले, दुष्काळानं गेला. मीही तेच म्हणत राहिलो.

आता आमचं येणंजाणं आहे. मी गेलो की वहिनी पाणी देते, मी पितो, आम्ही गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलतो. त्या शनिवारचा विषय दादा काढत नाही. नाताळाला गावी चल म्हटलं, की मात्र "बघू" म्हणतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. तो "बघू" ऐकला, की मला पुढं बोलवत नाही. नाताळाआधीचा तो आगमनकाळ आला की चर्चमध्ये सगळे शांती मागतात, मीही डोळे मिटतो. मागायचा मला काय हक्क आहे?

माझ्यावर त्याचं देणं आहे. तो हयात असताना त्याला गावच्या चर्चमध्ये आणून, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, की दादानं पाणी भरून ठेवलं होतं आणि मी त्याच्या दारापर्यंत गेलोच नाही. ते अजून मी दिलेलं नाही.