मनीषानं झाकलेलं बटण

मनीषाला जाऊन आज वर्ष झालं. आणि काल दुपारी मी तिचं काम पुसून बसलो.

आमच्या लोणावळ्याच्या वाचनालयाची वेबसाइट तिनं बनवली होती. एकटीनं.
मला फक्त पहिल्या पानावर तिचा फोटो लावायचा होता.

लावला तर कपाळ कापलं. सरकवला तर हनुवटी गेली.
चाळीस वर्षं माईकसमोर उभा आहे, कधी गोंधळलो नाही. ‘कस्टमाइझ’ नावाच्या त्या पानावर मात्र काहीच कळेना.

शेवटच्या कप्प्यात तिनं लिहिलेला कोड सापडला. त्यात एक ओळ: डिस्प्ले नन.
म्हणजे, दाखवू नका.

माझं डोकंच फिरलं. काय दाखवू नका? कुणापासून लपवताय? जन्मभर लपवाछपवीविरुद्ध बोललो, आणि आमच्याच साइटवर हे?

ओळ उडवली. पब्लिश.

तासाभरात फोन.
“सर, बंगल्याला स्विमिंग पूल आहे का?”
“हे वाचनालय आहे.”
“हां हां, पण पूल आहे ना?”

साइट उघडली. वर लालभडक बटण: ‘बुक नाऊ’. दाबलं की थेट माझा नंबर.

तेव्हा आठवलं.

मनीषा मळवलीची. तिची आई तिथल्या एका बंगल्याची केअरटेकर. ही भाड्यानं देण्याच्या बंगल्यांच्या साइट बनवायची, आणि त्यातलीच एक फुकटची थीम, म्हणजे तयार साचा, तिनं वाचनालयाला घातली होती. पहिल्याच दिवशी हे बटण बघून मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, “हे वाचनालय आहे का फार्महाउस?”

“भाऊ, बुक म्हणजे पुस्तकच की!”

सगळे हसले. मी नाही हसलो.
दुसऱ्या दिवशी बटण गायब. मला वाटलं, काढलं. ते निघतच नव्हतं. तिनं झाकलं होतं.

मावशींना, तिच्या आईला, फोन केला. “मावशी, माझ्या हातून साइट बिघडली.”
“मला काय कळतंय त्यातलं, भाऊ? तिलाच इचारा की.”

सवयीनं बोलून गेल्या. मग मीच फोन ठेवला.

परत तो कप्पा उघडला. उडवलेल्या ओळीच्या वर, तिरक्या रेघा आणि चांदण्यांच्या मध्ये, साइटवर न दिसणारी टीप लिहितात तिथं, आणखी एक ओळ होती. मघाशी कोड समजून सोडून दिलेली.

bhau he kadhu naka

मोठ्यानं वाचली तेव्हा कळली. भाऊ, हे काढू नका.

रोमन लिपीतलं मराठी मी वाचत नाही, हे अख्ख्या मावळाला माहीत आहे. लिपी सोडली की भाषा सुटते, हे मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगितलंय. आजही सांगेन. तशा मेसेजला माझं उत्तर ठरलेलं: देवनागरीत लिहा.

मनीषा मला कायम देवनागरीतच लिहायची.
फक्त एकदा रोमनमध्ये लिहिलं. हॉस्पिटलमधून, सलाइन लावलेल्या हातानं.

bhau ek sangaycha hota

मी लिहिलं, “देवनागरीत लिही.”
बऱ्याच वेळानं उत्तर आलं. “बरं भाऊ. नंतर सांगते.”

नंतर आलंच नाही.

तिला हेच सांगायचं होतं का? या बटणाचं? की वेगळंच काही? आणि मी वाचणार नाही हे ठाऊक असताना कोडमधली ती ओळ तिनं रोमनमध्ये का लिहिली? घाईत? सवयीनं? की माझी गंमत केली?

लोकांना उत्तरं देण्यात आयुष्य गेलं. कालपासून या एका ओळीपाशी अडकलोय. खरंच कळत नाही.

उडवलेली ओळ परत टाइप केली. एक कंस राहिला, बटण हलेना. कंस टाकला. गेलं.
फोटोतलं कपाळ अजून कापलेलंच आहे. मावशी, माफ करा.

तिची ओळ तशीच ठेवली आहे. तिच्याखाली मी आयुष्यात पहिल्यांदा रोमनमध्ये दोन शब्द लिहिले.

nahi kadhat

साइटवर ते कुणालाच दिसणार नाहीत.

सगळ्यांना दिसायला हवं, ते इथं लिहितो. देवनागरीत.

मनीषा, तुझं वाचायला मला उशीर झाला.
भावपूर्ण आदरांजली. जय भीम.