वादळाच्या आधी उतरवलेली टिनं

वादळाने आमच्या घरावरचं पत्र्याचं एकही टीन उडवलं नाही. कारण वादळ यायच्या आधीच आम्ही ती सगळी काढून ठेवली होती.

आमचं गाव संग्रामपूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. म्हणजे विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही आणि पिकाला दिलं तर पीकच रुसून बसतं. सगळी भिस्त आभाळावर. त्या वर्षी आभाळाने पोळ्याच्या आधीच तोंड फिरवलं. आमची बीटीची पराटी (कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पराटी म्हणतात) छातीला लागेल एवढी वाढलेली, बोंडांनी लगडलेली, आणि खाली जमिनीला अशा भेगा पडलेल्या की माझी एक चप्पल त्यात गेली ती गेलीच! बीटी पेरली तेव्हा सगळे म्हणाले होते, आता अळीची भीती नाही. खरंच नव्हती. त्या उन्हात यायची अळीची तरी काय हिंमत! पानं लाल पडायला लागली, फुलं गळायला लागली.

एक दिवस आमचे हे शेतातून आले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "एक पाणी पडलं तं पराटी वाचते. नाही तं दिवाळी झाली का आपण पुण्याले जाऊ. एका कंपनीत वॉचमनची जागा हाय म्हणते."

पुणं! माझ्या हातातली भाकर परातीत पडली. मी शेगावच्या पलीकडे कधी गेले नव्हते. अनोळखी माणसाने रस्ता विचारला तरी मी पदर तोंडात धरून घरात पळत असे. त्यातून पुण्याहून आलेल्या एका बाईने सांगितलं होतं की तिथं आपण नुसतं 'मले' म्हटलं तरी लोक हसतात. मी मनात ठरवून टाकलं, जावं लागलंच तर तिथं मुकी म्हणून राहायचं. खाणाखुणा करून भाजी आणायची! त्या एका पावसावर घरच्यांची पराटी टांगलेली होती आणि मी सगळीच्या सगळी टांगलेली होते.

अशात एका संध्याकाळी हमीदाभाभीने भिंतीवरून हाक मारली. तिची आणि आमची भिंत एकच. तिच्याकडे टीव्ही होता, त्यामुळे आकाशात काय चाललंय ते आम्हाला आकाशाआधी तिच्याकडून कळायचं. मी गेले तर अर्धी गल्ली तिथं बसलेली. टीव्हीवर नकाशा, बाजूला बंगालचा समुद्र, आणि समुद्रात चकली पाडावी तसं पांढरं गोल चक्र! टीव्हीतली बाई सांगत होती, वादळ किनाऱ्याला लागून विदर्भाकडे येणार, सोसाट्याचा वारा सुटणार, जोराचा पाऊस होणार.

माझं मलाच भान राहिलं नाही. सगळ्या बायामाणसांत मी उठून उभी राहिले आणि टीव्हीकडे दोन्ही हात करून म्हणाले, "ये, ये, ये! इकडंच ये!"

हमीदाभाभी म्हणाली, "अवं सुमन, वादळाले असं बोलावतात का? जावई हाय का तो?"

सगळे हसले. मी पदर घेऊन जी धूम ठोकली ती थेट आमच्या चुलीपाशी.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, त्यांच्याशी मी बोलत नव्हते. भांडण नव्हतं हो! रीतच तशी. धाकट्या सुनेने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तेही माझ्याशी बोलत नसत. काही सांगायचं असलं तर मधे सासूबाई असायच्या. मी त्यांच्या कानात सांगायची, त्या ओसरीवर ओरडून सांगायच्या.

म्हणून मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, "वादळ येऊन राह्यलं. पाऊस पडन म्हणते."

सासूबाई ओसरीवर ओरडल्या, "अरे ऐकलं का! असं वादळ येऊन राह्यलं म्हणते का घरावर एक टीन राह्यत नाही!"

(एवढ्याशा वाटेत माझ्या पावसाचं काय झालं, पाहा!)

भासरे विचारात पडले. भासरे विचारात पडले की आम्हाला धडकी भरत असे. माणूस देवासारखा, पण डोक्यात सारख्या युक्त्या. मागे पाखरं भ्यावी म्हणून त्यांनी बुजगावण्याला स्वतःचा सदरा, धोतर आणि टोपी घातली. पाखरं भ्याली नाहीत, पण त्यांचे मामेसासरे बांधावरून जाताना त्याला रामराम करून गेले आणि जावयाने जबाब दिला नाही म्हणून वर्षभर रुसून बसले!

सकाळी सासूबाई शेगावला निघाल्या. वादळ वाटेत कुठं दुसरीकडे वळू नये म्हणून महाराजांना सांगायला. जाऊबाई आधीच लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. हे फावडं घेऊन शेतात गेले, पाणी पडलं तर अडवायला बांध नीट करायचा होता म्हणून. घरी उरलो मी, भासरे आणि दारातली आमची म्हैस चंद्री.

मी चुलीपुढे बसून ज्वारीची भाकर थापत होते. एकाएकी भाकरीवर ऊन पडलं. आमच्या चुलीपाशी लग्न होऊन आल्यापासून मी कधी ऊन पाहिलं नव्हतं! वर पाहते तर टीन नाही, निळं आभाळ, आणि आभाळात भासऱ्यांचे पाय!

ते छपरावर चढून एकेक टीन काढत होते. वादळाने नेण्यापेक्षा आपणच उतरवून ठेवलेली बरी, ही युक्ती! दगड बाजूला करायचे, तार सोडायची, टीन खाली सरकवायचं. मग शिडीवरून उतरून सगळी टिनं अंगणातल्या निंबाखाली एकावर एक रचायची, त्यावर दगड, दगडांवर जातं, जात्यावर माझा मसाल्याचा पाटा! वर चढताना स्वतःशीच बोलत होते, "आता ये म्हणा लेका! पाहतो तुले काय भेटते ते!"

मी काय बोलणार? पदर पुढे ओढला आणि उघड्या आभाळाखाली भाकरी भाजत बसले.

दुपार कलली तसा पूर्वेकडून काळा ढग वर आला. असा काळा की चंद्री त्यापुढे गोरी दिसावी! तेवढ्यात हमीदाभाभीचं डोकं भिंतीवर आलं.

"सुमन, वं सुमन! टीव्हीवर सांगितलं, वाऱ्याचा जोर तिकडंच मोडला. वादळ नाही आता. नुसता पाऊस, अन् आजच!"

"खरंच वं भाभी?"

"अल्लाकसम! झमाझम!"

मी आनंदाने गिरकी घेतली. गिरकी घेताना मान वर गेली, आणि गिरकी अर्ध्यावरच थांबली. वर छप्पर नव्हतं! एका कोपऱ्यात एकच टीन उरलेलं आणि त्यावर भासरे बसून त्याची तार सोडत होते!

आता त्यांना सांगायचं कसं? सासूबाई शेगावला. गल्लीतले गडी शेतात. हमीदाभाभीला म्हणावं तर ती अंगणातले पापड उचलायला पळालेली. शेवटी मी दारात जाऊन चंद्रीपुढे उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "चंद्रे, वादळ मोडलं म्हणा. नुसता पाऊस येऊन राह्यला. टिनं परत टाका म्हणा."

भासरे वरून चंद्रीलाच म्हणाले, "चंद्रे, कोण म्हणते?"

"चंद्रे, टीव्हीवाले म्हणतात."

"चंद्रे, काल तं ते वादळ येते म्हणत होते. आज नाही म्हणतात. असे कसे बे ते?"

"चंद्रे, ढग तं पाहा म्हणा!"

"चंद्रे, ढग हाय म्हणूनच टिनं काढून राह्यलो ना! टाकली अन् उडाली, तं तू आणून देशील काय?"

चंद्री रवंथ करत एकदा माझ्याकडे, एकदा वर बघत होती. आमच्या घरात एवढा मान तिला पहिल्यांदाच मिळत होता.

तेवढ्यात असा गडगडाट झाला की भिंती हलल्या. चंद्रीने उडी मारली, दावं तोडलं, जाता जाता शिडीला धडक दिली आणि शेपटी वर करून गावाबाहेर पसार झाली. शिडी आडवी. भासरे वर. मी खाली. आणि मधे बोलायला कोणीच नाही!

टपोरे थेंब सुरू झाले. मी निंबाला सांगून पाहिलं, "निंबा, शिडी लावू का विचार!" पण निंबाखाली रचलेल्या टिनांवर पाऊस असा ताडताड वाजत होता की निंबालासुद्धा ऐकू गेलं नसेल. भासरे मात्र वारा कुठून येतो ते बघत तसेच बसलेले, टीन दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. इकडे ज्वारीची कोठी उघडी! वर्षाची भाकर भिजायला लागली!

मग माझं काय झालं मला माहीत नाही. डोक्यावरचा पदर गेला कुठल्या कुठे, मी कमरेवर हात ठेवले आणि गल्ली दणाणेल अशा आवाजात ओरडले, "दादा! वादळ गेलं मसणात! आधी कोठीवर टिनं टाका!"

हमीदाभाभी पापड हातात धरून भिंतीपाशी जागच्या जागी उभी. भासऱ्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि घाबरून विचारलं, "कोण बोललं बे?"

"मीच बोलली! शिडी लावते, धरा!"

आणि शिडी लावली. पाटा उचलला, जातं उचललं (नेहमी ते दोघांना हलत नाही!), टिनं ओढली. मी खालून द्यायची, ते वरून घ्यायचे. हमीदाभाभी भिंत ओलांडून आली आणि मागून रेटायला लागली. कोठीपुरती टिनं कशीबशी टाकून झाली आणि मग आभाळच खाली आलं! चूल विझली, पातेली तरंगायला लागली, भाकरीचं टोपलं उंबरा ओलांडून अंगणात निघालं. वाकळा भिजून म्हशीएवढ्या जड झाल्या. आणि आम्ही तिघं, मी आणि भाभी पाण्यात अन् भासरे वर, खदखदा हसत होतो! भासरे टिनांवर नाचत होते, "पडते वं सुमन, पडते! पाह्य कसा पडते!" ते माझ्याशी सरळ बोलत होते, हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं.

मग एकदम माझं हसू थांबलं. आमचं शेत नदीपलीकडे. आमच्याकडचा पाऊस असा लहरी की बैलाचं एक शिंग भिजवावं आणि दुसरं कोरडं ठेवावं. घरात गुडघाभर पाणी आणि शेतात धूळ असली तर? पुण्याची गाडी डोळ्यांपुढे उभी राहिली.

"दादा," मी विचारलं, "तिकडंही पडत असन ना?"

त्यांनी वरून नदीकडे पाहिलं. पण पावसाशिवाय काही दिसत नव्हतं.

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. (बसायला कोरडी जागा नव्हती!) बऱ्याच वेळाने गल्लीच्या तोंडाशी हे दिसले. अंगभर चिखल, एका हातात चंद्रीचं तुटलेलं दावं, मागे चंद्री. लांबूनच ओरडत होते, "बांध फुटला वं! बांध फुटला!"

बांध फुटल्याच्या आनंदाने रडणारी बाई गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

हे दारात आले, आत पाहिलं, वर पाहिलं. "दादा, आपलं घर कुठं गेलं?"

भासरे म्हणाले, "वादळ लय मोठं होतं, बाप्पा."

सासूबाई संध्याकाळी शेगावहून आल्या. प्रसादाची पुडी पदरात जपून आणलेली. उघड्या घरात उभ्या राहिल्या, आणि हात जोडून म्हणाल्या, "महाराज, म्या पाऊस मांगतला होता. घरपोच नव्हता मांगतला!"

पराटी वाचली. दिवाळीनंतर कापूस वेचायला मी शेतातच होते आणि पुणं पुण्यालाच राहिलं. पण माझं तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. भासरे आणि मी तेव्हापासून सरळ बोलतो. यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. जाऊबाई त्यांच्या युक्त्या ऐकून घेत नाहीत, सासूबाई रागावतात, हे शेतात पळतात. त्यामुळे डोक्यात नवीन काही आलं की ते पहिलं येऊन मला विचारतात. आणि मी एवढी लाजाळू की मोठ्या माणसाला 'नाही' म्हणवतच नाही!

परवा म्हणाले, "सुमन, समोरच्या खोलीत हवा येत नाही. रस्त्याकडची भिंत काढून टाकू काय?"

मी मान खाली घालून म्हटलं, "हाव दादा."

हे मी त्याच खोलीत बसून लिहिते आहे. येणारे-जाणारे रामराम करून जातात. पुण्याला गेले असते, तर निदान चारही भिंती तरी मिळाल्या असत्या!