खडूच्या गोलाबाहेर तीन पावलं

इंद्रभान,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवेल ठाऊक नाही, तरी लिहिते. "तू असं केलंस, तू तसं केलंस" म्हणत बसले तर मधेच तुझ्यावर खेकसेन आणि मुद्दा राहून जाईल. म्हणून परक्या माणसाची हकिकत सांगावी तशी सांगते.

सोनाळ्याचा इंद्रभान साठ मेंढरं चारायचा. वीस त्याची, चाळीस त्याच्या मालकांची, भगवंतरावांची. जोडीला सावळी नावाची कुत्री. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तो सावळीशी बोलायचा. ती मान तिरकी करून ऐकायची, बहुतेक माणसांपेक्षा बरं.

मार्गशीर्षात एका सकाळी तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, भगवंतरावांचं कोकरू फाडलेलं सापडलं. शेजारी सावळी, तोंडाला रक्त. इंद्रभानने मातीतले लांडग्याच्या पंजाचे ठसे दाखवले.

"लांडग्याच्या अन् कुत्र्याच्या पंजात तुले काय फरक दिसते बे?" भगवंतराव म्हणाले. "वरवट बकालले जनावरांच्या प्रदर्शनात मेंढरं कोंडायची स्पर्धा हाय. चार लोकांसमोर दात न लावता कोंडू दे तिले. कोंडली तं ठेव. नाही तं भाकरीत जहर घालतो."

हातात अठरा दिवस होते. स्पर्धेचा नियम असा, की माणसाने कोंडवाड्याजवळच्या खडूच्या गोलात उभं राहायचं आणि कुत्र्याने एकट्याने पाच अनोळखी मेंढ्या हाकत आणून कोंडवाड्यात घालायच्या. आपल्याकडे मेंढपाळ पुढे चालतो, मेंढरं त्याच्या मागे आणि कुत्रं सगळ्यांत शेवटी. सावळीला तेवढंच ठाऊक. ती मेंढरं गोळा करायची आणि हा कधी चालू लागतो याची वाट बघत बसायची.

"अवं, मी नाही चालत. तू आण. तू!" असं ओरडता ओरडता इंद्रभानचेच पाय चालू लागायचे. तीस वर्षांची सवय. शेवटी त्याने खुंटी ठोकली आणि दोरीने स्वतःचा घोटा बांधून घेतला. रस्त्यावरून जाणारे हसायचे. "काऊन बे इंद्रभान, कुत्री सोडली अन् तूच बांधून घेतला का?"

त्याला हसू येत नव्हतं. पण त्या दोरीमुळे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सावळी आजवर त्याच्या हाताकडे कधी बघतच नव्हती, बघायची ती पायांकडे. पाय हलेनात, तेव्हा बाराव्या दिवशी तिने पहिल्यांदा नजर वर केली. डावा हात उचलला की डावीकडे, जिभेने टक् केलं की खाली बसायचं. सोळाव्या दिवशी तिने पाच मेंढरं एकटीने कोंडली. इंद्रभान तिथेच मातीत बसला आणि तिची मान धरून ढसाढसा रडला.

वरवटला सावळीने मेंढ्या दुरून सरळ आणल्या. फाटकाशी मात्र पुढची मेंढी अडली, वळली, पाय आपटू लागली. सावळी खाली बसली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. ठरलेला वेळ संपत आला होता. आता सावळीला पुढे घातलं आणि मेंढी अंगावर आली, तर ही दात दाखवणार.

"हिर्र... हिर्र..." इंद्रभान हाक घालत फाटकाकडे निघाला. एक, दोन, तीन पावलं. पाचही मेंढ्या निमूट त्याच्या मागे कोंडवाड्यात शिरल्या, सावळी सगळ्यांत शेवटी. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याने फाटकाची कडी लावली आणि मग वळून पाहिलं, तर खडूचा गोल मागे पडला होता.

"बाद!"

तो भगवंतरावांच्या खुर्चीपाशी धावला. "मालक, चुकलो मी. तिचं काय चुकलं? दात लावला का तिनं?"

"मंडपातून दात कोणाले दिसते?"

"डॉक्टरीणबाईनं पाह्यल्या ना पाचही मेंढ्या!"

"मंग तिचा शिक्क्याचा कागद आण. मोबाइलातला फोटू नाही चालणार. बुधवारी सकाळपर्यंत थांबतो. तवर कुत्री घरी बांध, माह्या मेंढरात दिसली नाही पाहिजे."

डॉक्टरीणबाई म्हणजे जनावरांची डॉक्टर, माझी भाची मनाली. तिने मेंढ्या तपासून दाताची खूण नाही असं लिहिलं होतं, पण कागदपत्रं घेऊन ती तोवर मेहकरला आपल्या दवाखान्यात निघून गेली होती.

इंद्रभान सरळ माझ्या ओट्यावर आला. "बाई, मी मेंढरं टाकून कसा जाऊ? तुमची भाची हाय. आणता का तेवढा कागद?"

"आणते की. सोमवारी पहिल्या बसने जाते. जा, जेव आता."

सोमवारी बस होती. मंगळवारीही होती. मनालीने फोन केला, कागद शिक्का मारून टेबलावर काढून ठेवलाय म्हणाली. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखत नव्हता, इंद्रभान. मला कंटाळा आला होता, आणि भगवंतराव नुसतं बोलतात, करत नाहीत, असं मी धरून चालले होते.

बुधवारी सकाळी त्यांचा माणूस भाकरी घेऊन तुझ्या अंगणात आला, तेव्हा तू रानात होतास आणि सावळी दोरीला होती.

कागद अजून मनालीच्या टेबलावर आहे. मेहकरला मी गेलेच नाही.