छापखान्यातल्या माणसाची पोथी

बाबांनी दारू सोडायची ठरवली तेव्हा घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. आई शेजारीपाजारी सांगायची, "त्याइचं पोट बरं नाई." वर्ध्यात दारूबंदी होती. पिणारा माणूस गुन्हेगार ठरायचा, त्यामुळे डॉक्टरकडे जाऊन काय होतंय ते सांगायचीही सोय नव्हती. बाबा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलून घ्यायचे. काट्यापाशी त्यांचा तोल जाताना जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनी, एकदा पाहिलं होतं. पुन्हा दिसलं तर घरी बसायचं, एवढंच ते म्हणाले होते.

मी नागपूरला मामांकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले. मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा आईबाबांशी काय बोलावं हेच मला सुचेनासं झालं होतं. माझ्या ट्रंकेत एक इंग्रजी पुस्तक होतं. शाळेनं काढून टाकलेल्या ढिगातून मी ते कोणी बघत नाही असं पाहून उचललं होतं. दूरदेशी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसानं, आपण दारूतून कसे बाहेर आलो, ते त्यात लिहिलं होतं. मी त्यातली सुरुवातीची प्रकरणंच तेवढी वाचली होती.

सोडल्यानंतरच्या दिवसांत बाबा घोंगडी पांघरून बसायचे आणि तरी घामानं भिजायचे. पाण्याचा गडू हातात ठरत नसे. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाबा, एका माणसाला असंच व्हायचं. त्यानं लिहिलंय."

त्यांनी घोंगडीतून डोकं वर काढलं. "काय लिव्हलं त्यानं?"

मी पुस्तक आणलं आणि मनातल्या मनात मराठी करत सांगू लागले. तो माणूस सरळ 'मी प्यालो' असं लिहीत होता. बापासमोर माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मी 'तो प्याला' म्हणायचे.

"त्याले बी भित्तीवर मुंग्या दिसे?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि घोंगडी नीट ओढून घेतली.

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. दुसऱ्या संध्याकाळी पाहते तर पाट मांडलेला, त्यावर धुतलेला पंचा, पंच्यावर पुस्तक आणि पुढे निरांजन.

"आई, ही पोथी नाही."

"वाचल्यानं मानूस सुदरते ना? मंग काय हाय ते?"

रोज एक अध्याय ठरला. दार लावून वाचायचो, म्हणून शेजारच्या काकूंना चैन पडेना. "कोन्या देवाची पोथी वं, की दार लावा लागते?"

"इंग्रजी हाय. तुले नाई समजनार," आई म्हणाली.

"अन् तुले समजते?"

"मले समजाची गरज नाई. ज्याले समजा लागते त्याले समजते."

बाबा खरंच सुधारत होते. कामावर जाऊ लागले, जेवू लागले. मग एका दुपारी मी पुढचं वाचून ठेवायला बसले. कित्येक महिने एक थेंबही न घेतलेला तो माणूस पगाराच्या दिवशी एका दारूच्या दुकानात शिरत होता.

संध्याकाळी मी हळूच म्हटलं, "आजचं प्रकरण तेवढं महत्त्वाचं नाही. पुढचं घेऊ."

"अध्याय गाळत नसते," आई म्हणाली. "गाळला का सारं फुकट जाते."

बाबा समोर बसलेले. त्यांच्यादेखत कारण कसं सांगणार? मी वाचलं. पुस्तकात तेच प्रकरण सगळ्यात चांगलं लिहिलेलं होतं. पहिला घोट, छातीत उतरणारी ऊब, जुना मित्र भेटल्यासारखं वाटणं. मी मुद्दाम ओबडधोबड सांगितलं, तरी ते पोचलंच. आईचा वाती वळणारा हात थांबला. बाबा पुढे वाकून ऐकत होते आणि कधी नव्हे ते त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "कालचाच वाच माय."

तिसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच.

"काऊन एकच अध्याय घोटून राह्यले?" आई शेवटी बोलली. "म्होरं तो सुदरला असन ना."

"सुदरला तं सुदरला. मले हे आइकू दे."

आणि एका संध्याकाळी बाबा जिनिंगमधून घरी आले नाहीत. दिवेलागण झाली. आईनं पाट मांडला.

"कोणासाठी वाचू?"

"खंड पडू द्याचा नाई. म्होरचं वाच."

ती बाबांच्या जागेवर जाऊन बसली. मी वाचत गेले. एक प्रकरण संपलं की आई म्हणे, "अजून वाच." जणू एकेक अध्याय बाबांना रस्त्यानं थोडा थोडा घराकडे ओढत होता. तो माणूस पडला, उठला, आपल्यासारख्याच चारजणांत जाऊन बसला, पुन्हा छापखान्यात उभा राहिला. त्याचे हात आता स्थिर होते. पुस्तक संपलं.

"अन् आइकनाऱ्याले काय फळ मिळते, ते?"

"ते नाही लिहिलं, आई."

तेवढ्यात कडी वाजली. बाबा आत यायच्या आधी वास आला. आई त्यांच्या जागेवरून उठली. ते भिंतीला टेकून पाहुण्यासारखे बसले, पाय नीट जवळ घेऊन.

"शेठजीनं पायलं?" आईनं विचारलं.

"पायलं."

आई चुलीपाशी जाऊन बसली. बाबांनी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठवर आला तो?"

"सुटला, बाबा. संपलं पुस्तक."

ते मान हलवत राहिले. "मले मांगंच टाकून गेला म्हन ना," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मग अगदी हलक्या आवाजात, मागताना माणूस बोलतो तसं, "तो अध्याय लाव माय. त्या दुकानाचा."

मी आईकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. मी पुस्तक हातात घेतलं. पान शोधावं लागलं नाही. इतक्यांदा वाचून ते आता आपोआप तिथंच उघडायचं.