ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट

रबाळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी वायपर घ्यायला गेलो, तेव्हा ती काउंटरशी उभी होती. खाडीकाठच्या गावातली, पन्नाशीची, जुन्या पिकअपमधून मासळी पोचवणारी बाई. तिचं इंजिन दोनदा तापलं होतं. आणखी एकदा तापलं तर ते कामातून जाईल, असं मेकॅनिकनं बजावलं होतं.

"मावशी, एवढ्या जुन्या गाडीला थर्मोस्टॅट कशाला? काढून टाका, सगळे तसंच चालवतात," दुकानदार म्हणाला.

तिनं रुमालातून जुना थर्मोस्टॅट काढला; ठरावीक तापमानाला उघडून इंजिनात थंड पाणी फिरू देणारी ती झडप. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं. "ब्याऐंशी. ह्योच दे."

त्यानं दिलेला नवा थर्मोस्टॅट घेऊन ती शेजारच्या चहाच्या टपरीवर गेली आणि तो उकळत्या पाण्यात सोडला. पाणी खळखळत होतं, तरी झडप उघडली नाही. तिनं तो परत करून दुसरा मागितला. दुकानदार वैतागला, पण त्यानं दिला. या वेळी झडप हळूहळू उघडली.

"नवा पार्टही तपासता?" मी विचारलं.

"इंजिन म्हातारं झालं म्हनून त्याला कायपन बसवायचं काय?"

पुढे एका सकाळी पुलाच्या चढावर तिची भरलेली पिकअप दिसली. मी हात केला. तिचं लक्ष नव्हतं. नजर तापमानाच्या काट्यावर होती.